हळ्ळीखेडची जीप

दत्तजयंतीला माणिकनगरला जायचं हा आमच्या घरातला वडिलांच्या वेळेपासूनचा नेम. साखळीला दत्तमंदिर असताना एवढ्या लांब कशाला जाता, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं आणि दरवर्षी आम्ही जातो. अनमोडचा घाट चढून बेळगाव, विजापूर, कलबुर्गी करत हुमनाबाद गाठायला सबंध दिवस मोडतो. पण माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) या स्थानी मराठी, कानडी आणि हिंदी पदं एकाच बैठकीत ऐकायला मिळतात, आणि सीमाप्रश्नावर वर्तमानपत्रांतून वाचलेलं सगळं तेवढ्यापुरतं डोक्यातून जातं.

गेल्या खेपेस दुसऱ्या दिवशी बिदरचा किल्ला बघायला निघालो. हुमनाबाद–बिदर रस्त्यावर हळ्ळीखेड (बी) लागतं. तिथे चहाला थांबलो. मला पाट्या वाचायची खोड आहे. वीस वर्षं सरकारी टेबलावर काढल्याचा तो परिणाम. हा कंसातला ‘बी’ कसला, असं चहावाल्याला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. बाकावर बसलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “बी म्हणजे बुजुर्ग. के वालं हळ्ळीखेड दुसरं, ते खुर्द.” म्हणजे आपलं बुद्रुक आणि खुर्द! फारसी बुजुर्ग मराठी तोंडात घासून बुद्रुक झाला, आणि इथे तो एका अक्षरापुरता उरला. हळ्ळी म्हणजे कानडीत खेडं आणि खेड म्हणजे मराठीत खेडं. एकाच नावात गाव दोनदा आणि वर फारसीची शेपटी. गावांच्या नावांची व्युत्पत्ती सांगणाऱ्यांचं पुढे हसं होतं हे माहीत असूनही हा मोह मला आवरला नाही.

त्या गृहस्थांशी बोलणं वाढलं. घरात कानडी, माझ्याशी मराठी, आणि रस्त्यापलीकडच्या टायरवाल्याला हाक मारली ती दख्खनीत. मी गोव्याचा आणि मला जुन्या गाड्यांचा नाद आहे हे कळल्यावर ते उठले आणि म्हणाले, “चला, दाखवतो एक.” घरामागे चिंचेखाली एक जीप उभी होती. हाय बॉनेट. हूड फाटलेला, मागच्या पत्र्याला मुठीएवढं भोक, चारही टायर जमिनीला टेकलेले. पण चासी सरळ होती. मी गुडघ्यावर बसून खाली वाकून बघितलं आणि उठलो तेव्हा माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याचं वर्णन इथे करत नाही.

“कशाला पाहिजे तुम्हाला ही? गोव्यात गाड्या मिळनात का?” काकांनी विचारलं. (एव्हाना मी त्यांना काका म्हणू लागलो होतो.)

प्रश्न रास्त होता. आज गोव्यात जीपच्या जातीच्या गाड्या पैशाला पासरी आहेत. भाड्याची थार घेऊन मोरजीच्या वाळूत रुतवून बसणारे पर्यटक आपण दर मोसमात बघतो. मग जुनीच का हवी? उत्तर देताना मी अडखळलो, आणि घरी आल्यावर त्यासाठी बरंच वाचलं. त्यातून हा लेख झाला.

जीप ही मुळात जुनी होऊनच आपल्याकडे आली. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीसाठी निविदा काढल्या. नमुना गाडीसाठी मुदत होती ४९ दिवस. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ती पाळली. पण एवढं मोठं उत्पादन तिला झेपणार नाही म्हणून कामाचा मोठा वाटा विलीस आणि फोर्ड यांना गेला. बँटमच्या वाट्याला श्रेयही फारसं आलं नाही. लष्करी कागदांत या गाडीचं नाव होतं ‘पाव टनी ट्रक’. साठ अश्वशक्तीचं इंजिन, ८० इंच चाकांमधलं अंतर आणि वजन साधारण अकराशे किलो. चिखलात अडकली तर चार शिपाई उचलून बाजूला ठेवतील अशी. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या तयार झाल्या.

त्यातल्या पुष्कळ ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आसामात उतरल्या. युद्ध संपल्यावर त्या परत नेण्यापेक्षा इथेच विकून टाकणं स्वस्त पडत होतं. लष्कराच्या डेपोंतून त्या लिलावात निघाल्या आणि संस्थानिक, चहामळेवाले, जंगलखातं, कंत्राटदार अशांच्या दारी गेल्या. हिंदुस्थानात खाजगी माणसाच्या हाती आलेली जीप ही अशी बहुतेक वेळा कोणाच्यातरी युद्धातून आलेली असायची. हिरव्या रंगावर दुसरा रंग मारायचा, मागे बाक बसवायचे, वर ताडपत्री टाकायची. आज ज्याला लोक ‘मॉडिफिकेशन’ म्हणून मिरवतात तो व्यवसाय जीपइतकाच जुना आहे.

इंग्लंडमध्येही हेच घडलं. रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांच्या वेल्समधल्या शेतावर युद्धातली जुनी जीप होती. ती पार खिळखिळी झाल्यावर दुसरी काय आणायची या विचारातून, जीपच्याच सांगाड्यावर, पहिल्या लँड रोव्हरचा नमुना उभा राहिला. पोलाद मिळत नव्हतं म्हणून अॅल्युमिनियमचा पत्रा वापरला. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगाला दिसली.

आपल्याकडची गोष्ट लुधियानाला सुरू होते. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी काढली, पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणी झाली, गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे पेढीचं नाव १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीसचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली. पुढे आली ती सीजे-३बी. हिचं नवं इंजिन उंचीला जास्त होतं, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. त्यावरून आपल्याकडे ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ अशा दोन जाती पडल्या. अमेरिकेत ३बी १९५३ ला आली आणि १९६८ ला बंद झाली; आपल्याकडे तोच चेहरा नावं आणि इंजिनं बदलत पुढे कित्येक दशकं रस्त्यावर राहिला. तुमच्या मनात ‘सरकारी जीप’ म्हटल्यावर जे चित्र येतं, मामलेदाराची, फौजदाराची, मलेरियाच्या फवारणीवाल्यांची, ते बहुधा हिचंच.

आता एक मजेशीर (आणि थोडी कडू) गोष्ट. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळा जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप विकत घेण्याचाच होता. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना लष्कराला जीप तातडीने हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. पैशांचा मोठा भाग आगाऊ गेला आणि बंदरात उतरल्या फक्त १५५ जीप. लष्कराने तपासल्या तेव्हा त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला, चौकशी झाली, आणि ३० सप्टेंबर १९५५ ला सरकारने प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं. १९५६ च्या फेब्रुवारीत मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात सैन्य घुसलं तेव्हा संरक्षणमंत्री तेच होते. आमच्या पिढीला शाळेत मेनन शिकवले ते गोवा मुक्तीच्या धड्यात. जीपचं प्रकरण मला तिशीनंतर कळलं. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने ते जरूर वाचावं. ‘आधी पैसे, मग गाडी’ म्हणणाऱ्या दलालापासून ते एका वाचनात सावध करतं.

हळ्ळीखेडला उभं राहून हे आठवायला आणखी एक कारण होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादवर जी ‘पोलीस कारवाई’ झाली तिचा मुख्य लोट सोलापूरकडून नळदुर्ग, राजेश्वर, जहीराबाद अशा रस्त्याने हैदराबादकडे गेला. तो रस्ता हुमनाबादवरूनच जातो. रणगाडे, ट्रक आणि जीप यांचं ते सैन्य चालवत होते मेजर जनरल जे. एन. चौधरी. पाच दिवसांत निजामाने शस्त्रं खाली ठेवली. तेरा वर्षांनी गोव्याच्या मोहिमेच्या वेळी दक्षिण कमानीचे प्रमुख पुन्हा तेच चौधरी होते, आता लेफ्टनंट जनरल. पोर्तुगिजांनी डिचोली, शापोरा, अस्नोडा इथले पूल उडवले होते. नद्यांशी येऊन गाड्या थबकल्या आणि माणसं पुढे गेली, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांनी प्रत्यक्ष बघितलेलं. एक निजामाचा मुलूख, एक पोर्तुगिजांचा. दोन्हीकडे भारत आला तो एकाच सेनापतीच्या मागून, चाकांवर बसून.

मात्र दोन्हीकडे सारखंच झालं असं नाही. गोव्यात १९ डिसेंबरनंतर शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारलं नाही. बिदर, उस्मानाबाद, गुलबर्गा, नांदेड या जिल्ह्यांत कारवाईच्या आधी रझाकारांनी आणि नंतर त्यांच्या नावाने इतरांनी जे केलं ते भयंकर होतं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षी या भागात फिरून कारवाईनंतरच्या मुसलमानांच्या कत्तलींचा अहवाल दिला. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. काकांना मी त्याबद्दल विचारलं. त्यांचा जन्म नंतरचा. ते एवढंच म्हणाले, “वडील सांगायचे नाहीत. जीपचा आवाज आला की आजी दार लावायची, तेवढं ऐकलंय.” मग विषय बदलून त्यांनी बॉनेट उघडलं.

आणि आत इंजिन भलतंच! मूळच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी मॅटॅडोरचं डिझेल. जीप ओळखणाऱ्याला यात आश्चर्य वाटणार नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलवर लिटरला जेमतेम सात-आठ किलोमीटर चालणाऱ्या गाड्या पांढरे हत्ती झाल्या. महिंद्रने स्वतःच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनी गावच्या मेस्त्रीकडून मिळेल ते डिझेल बसवून घेतलं, आणि त्यात बजाज टेंपोच्या मॅटॅडोरचं इंजिन, जे मूळ जर्मन मर्सिडीझच्या आखणीचं, फार लोकप्रिय होतं. अँबॅसडरमध्येसुद्धा लोक तेच बसवायचे. ते धडधडतं, पण थकत नाही.

काकांच्या वडिलांनी ही जीप सरकारी लिलावात घेतलेली. ‘कंडम’ ठरलेली. आधी उसाच्या फडावर, मग लग्नांच्या वरातीत, निवडणुकीत (दोन्ही पक्षांसाठी, वेगवेगळ्या दिवशी), आणि शेवटी प्रवासी वाहतुकीला. महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात ती. बिदर–कलबुर्गी रेल्वे सलग सुरू झाली ती २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये. तोवर या गावांना एसटी आणि जीप हेच आधार. चौघांच्या गाडीत चौदा माणसं बसवायची तर वजनाबरोबर डिझेलचाही हिशेब लागतो. म्हणून बहुतेकांनी केलं तेच काकांनी केलं: पुढच्या चाकांना जोर देणारा शाफ्ट काढून टाकला. चारही चाकांची म्हणून जन्मलेली गाडी दोन चाकांची झाली. आज जुनी जीप घेणाऱ्याने पहिल्यांदा वाकून बघायचं ते हेच. पुढचा शाफ्ट आहे का, हाय-लोचा लिव्हर बसतो का, की नुसताच शोभेला आहे. रंग आणि टायर शेवटी बघावेत. विकणारा मात्र तेच आधी दाखवतो.

आता मला ती कशासाठी हवी होती ते सांगतो. आम्ही तिघे मित्र, तिघेही पन्नाशीच्या अलीकडे, गोव्याहून स्पितीपर्यंत गाडीने जाऊन यायचं म्हणतो आहोत. हॉटेलात न उतरता, शिधा, पाणी, भांडी, बिछाना सगळं बरोबर घेऊन. इंग्रजीत याला ओव्हरलँड म्हणतात. आपल्याकडे याला एक उत्तम जुना शब्द आहे: खुष्कीचा मार्ग. गोव्याचा इतिहास आपल्याला समुद्राकडून शिकवला जातो, म्हणजे गामा, आल्बुकर्क, गलबतं. पण साठ-सत्तरच्या दशकांत हणजूणला जे हिप्पी आले त्यातले पुष्कळ खुष्कीने आले: इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर. जुन्या व्हॅन, बस, लँड रोव्हर. त्या गाड्या इथे विकता येत नसत, कारण जकातीच्या हमीचा कागद बरोबर असायचा. गाडी परत देशाबाहेर नेली नाही तर जबर कर. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि वर्षअखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात उतरल्या. ती वाट संपली.

या वाटेवरच्या गाड्यांमधली सगळ्यात नामांकित म्हणजे ‘ऑक्सफर्ड’. १९५५ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांचे सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि आसाम, लेडो रस्ता, ब्रह्मदेश करत १९५६ च्या मार्चमध्ये सिंगापूरला पोहोचले. गाड्यांची नावं विद्यापीठांवरूनच. ‘केंब्रिज’ नंतरच्या एका सफरीत दरीत गेली. ‘ऑक्सफर्ड’ फिरत फिरत अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर, म्हणजे नेपोलियनच्या कैदेच्या जागी, जाऊन पडली आणि कित्येक वर्षं गंजली. २०१७ मध्ये एका शौकिनाने तिला इंग्लंडला आणलं, चालती केली, आणि २०१९ मध्ये तीच गाडी सिंगापूरहून लंडनला चालत गेली. मूळ सफरीतले टिम स्लेसर तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यांना तब्येतीने साथ दिली नाही. त्यांच्या जागी नातू बसला. ‘ऑक्सफर्ड’ दुरुस्त करताना तिचे ओरखडे, पोचे शक्य तेवढे ठेवले होते, नवी कोरी केली नव्हती. फोटो बघाल तर पटेल.

इथे माझा खरा मुद्दा येतो. अशी गाडी ठेवायला आपल्या कायद्यात जागा कुठे आहे? मी सरकारी नोकर, कायद्याला नावं ठेवणं माझं काम नाही. पण फाईल वाचता येते. जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनं, संरक्षण वगैरेसाठीची खास वाहनं वगळता, नोंदणी रद्द होऊन अधिकृत मोडतोड केंद्रात जाऊ लागली. प्रदूषणाचा, सुरक्षिततेचा विचार करता हे बरोबरच आहे. आमच्या खात्याच्याही दोन गाड्या गेल्या, त्यांची लॉगबुकं मीच बांधून ठेवली. पण काकांच्या वडिलांनी ज्या दाराने जीप घरी आणली, ‘कंडम’ म्हणून लिलाव आणि मग गावच्या मेस्त्रीच्या हातून दुसरा जन्म, ते दार यामुळे बंद झालं. यापुढे सरकारी जीप कोणाच्या चिंचेखाली उभी राहणार नाही.

दुसरीकडे २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी वेगळ्या नोंदणीने ठेवता येते. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं, मोठा बदल झालेला नको, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, फेरी एवढ्यापुरतीच. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी हवी.

म्हणजे जीप एकतर मूळ रूपात काचेआड, नाहीतर भंगारात. हळ्ळीखेडची जीप या दोन्ही खणांत बसत नाही. तिचं इंजिन मॅटॅडोरचं, पाटे कोणत्यातरी ट्रेलरचे, मागचा बाक सुताराने केलेला. पण जीप म्हणून तिचं आयुष्य हेच आहे. कारखान्यातून निघाली तशी जीप जपणारा माणूस तिच्या पहिल्या दिवसाचा इतिहास जपतो. उरलेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बदललेल्या भागांत असतो. आमच्याकडे देवळांच्या जीर्णोद्धाराच्या वेळी हाच वाद होतो. जुना मंडप पाडून संगमरवर घालणारेही असतात आणि एक कौल बदलू न देणारेही. मंदिर चालू ठेवायचं असेल तर कौल बदलावंच लागतं. कोणतं बदललं याची नोंद मात्र ठेवायला हवी.

नोंद! मी काकांना आरसी विचारली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जुनं पुस्तक त्यांनी आणलं. आणि कारकुनाला व्हावा तसा मला आनंद झाला: ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’ केलेलं, वर नव्या इंजिनचा नंबर, सही, शिक्का. त्या माणसाने पंचवीस वर्षांपूर्वी रीतसर परवानगी घेतली होती. एकच पंचाईत, पाण्याने नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसले होते. पासिंग संपलेलं. आधी तिकडेच पासिंग, मग ना-हरकत दाखला, मग गोव्यात कर भरून नवी नोंदणी, हा क्रम मला पाठ आहे. पण पुसलेल्या आकड्यांवर कोण सही करणार? इंजिन खरेदीची पावती पाहिजे.

बयाणा देऊन घरी आलो. तीन आठवड्यांनी काकांचा फोन. जमिनीच्या कागदांच्या ट्रंकेत पावती सापडली. नंबर जुळला.

पुढचं काम फोंड्याजवळच्या एका मेस्ताकडे आहे, कारण गोव्यात जीपचं काम येणारे हात अजून शिल्लक आहेत. माझे मामा खाणीवर होते. साठ सालापूर्वीच्या ‘विलीस’च्या गोष्टी ते सांगायचे, आणि ती माती खाल्लेल्या गाड्यांवर शिकलेल्या मेस्तांची ही दुसरी पिढी. उत्तरेत हरयाणातली मंडी डबवाली लष्करी लिलावातल्या जीप सजवण्यासाठी प्रसिद्ध आहे. रुंद टायर, क्रोम, मोठा भोंगा. आमच्या मेस्ताला त्यातलं काही आवडत नाही. त्याने सांगितलं ते असं: ब्रेक आधी. जुन्या ड्रमच्या जागी पुढे डिस्क घालणं शक्य असेल तर परवानगी मागा, नसेल तर ड्रमच नीट करून घेऊ. वायरिंग सगळी नवी. रेडिएटर सोलून साफ. स्टेअरिंग बॉक्सच्या जागी चासीला बारीक तडा आहे, तो वेल्डिंग करून पट्टी. डिझेलची टाकी आतून गंजली आहे, ती फेका. विंच वगैरे फॅशन नको. त्या पैशात दोन स्टेपनी, पाण्याचे दोन कॅन आणि चांगला जॅक. मी वर लोखंडी कॅरियर विचारला तर म्हणाला, “वजन जितकं वर, तितकी गाडी उलटायला सोपी. सामान खाली ठेवात.”

उंचीचा प्रश्न राहतो. टर्बो नसलेलं डिझेल डोंगरावर धापा टाकतं. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत, ५३५९ मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. स्पितीच्या खिंडी तेवढ्या नसल्या तरी साडेचार हजारांपर्यंत जातात. त्यावर इलाज एकच, लो गिअर. जीपच्या लो रेंजमध्ये चाकांना मिळणारा जोर सुमारे अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी. मित्रांपैकी एक म्हणतो, मग आपण चालतच जाऊ. त्याला मी माहुतासारखं बसवून ठेवणार आहे.

पण लो गिअर चालतो तो पुढचा शाफ्ट असेल तरच उपयोगाचा. नवा मिळतो, जुन्या बाजारातही मिळतो. तरी मेस्त म्हणाला, मूळचा मिळाला तर लांबीचा घोळ नको. मी काकांना फोन केला. पंचवीस वर्षांपूर्वी काढलेला शाफ्ट कुठे असणार? ते हसले. म्हणाले, या आणि घेऊन जा.

गेलो. गोठ्याच्या आढ्याला, वैरणीच्या वर, गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेला शाफ्ट लटकत होता. वर ग्रीसचा जाड थर, काळा पडलेला. “काढला तेव्हा वडील म्हणाले, विकू नको, लागेल कधीतरी. मी म्हटलं आता काय लागतोय.” काकांनी शिडी धरली, मी वर चढलो. गोणपाट सोडवलं तर आत त्याच कागदात पुडी करून आठ नट-बोल्टही ठेवलेले.

मेस्ताने तो साफ करून सरळ आहे की नाही ते तपासलं. सरळ होता. क्रॉस मात्र दोन्ही नवे घालावे लागले.